एकेचाळीस पिवळ्या चौकटी

सत्तेचाळीस वर्षांची, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढवणारी, ऑफिसात जिला सगळे वचकून असतात अशी बाई. आणि घरी तिला हाक काय, तर छोटी. हे नाव भाऊजींनी पाडलं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि ताईच्या लग्नाला पुरते चार महिनेही झाले नव्हते. भाऊजी बस चालवायचे. ते आले, तिचं दप्तर आणि कपड्यांची पेटी उचलली आणि ताईला म्हणाले, आपल्याला एकावर एक फुकट मिळालंय, दुकानदाराचं मन मोडू नये. त्या वयात तिला तो विनोद कळला नाही. कळला तेव्हा ती त्याच घरात मोठी झाली होती आणि भाऊजींनी एकदाही तिला ती फुकटात आल्याची आठवण करून दिली नव्हती.

पाढे तिला भाऊजींनी शिकवले. कॉलेजनंतर कॉम्प्युटरचा वर्ग लावला तो भाऊजींनीच, आणि वर्ग सुटायला उशीर झाला की कोपऱ्यावर उभे राहायचे तेही तेच. लग्न काही जमलं नाही, पुढे जमवायचं राहून गेलं आणि मग सगळ्यांनाच विसर पडला. ती दोन गल्ल्या सोडून दोन खोल्यांत राहायला गेली, पण रविवारचं जेवण ताईकडे ठरलेलं. भाऊजींचं वजन हा त्या घरातला कायमचा विनोद. ते बसमध्ये चढायचे नाहीत, बस अंगात घालायचे, असं ताई म्हणायची. निवृत्त झाले तेव्हा काटा एकशेचारवर होता आणि तिथून खाली यायचं नाव घेत नव्हता.

छोटीचं काम काय, हे ताईला कधीच नीट कळलं नाही. ती ‘कॉम्प्युटरवर यादी करते’ एवढंच ताई शेजारणीला सांगायची. तसं ते खोटंही नव्हतं. घरात लागणाऱ्या वस्तू विकणारं ते एक ऑनलाइन दुकान होतं, बादलीपासून पलंगापर्यंत सगळं. माल बनवणारे आपापली फाइल पाठवत आणि प्रत्येकाच्या फाइलीची तऱ्हा वेगळी. एकाचा रंग लाल, दुसऱ्याचा तांबडा, तिसऱ्याचा ‘लाल, चांगला’. एकाने इंचातले आकडे सेंटिमीटरच्या रकान्यात ओतले होते आणि जेवणाचं टेबल मांजराच्या उंचीचं झालं होतं. एका बाईंनी तर झाडूच्या लांबीपुढे ‘कमरेएवढा’ असं लिहून पाठवलं होतं. हे सगळं निस्तरायचं, हजारो ओळी एका साच्यात बसवायच्या, प्रत्येक वस्तूला तिच्या फोटोशी आणि विभागाशी जोडायचं आणि मग फाइल वेबसाइटवर चढवायची, हे छोटीचं काम. फाइल चढवताना ज्या ओळीत काही कमी असेल ती लाल दिसे आणि अडकून बसे. सगळं भरलेलं असेल ती हिरवी होऊन निघून जाई.

या कामात ती पक्की होती. ऑफिसात तिचं नाव पडलं होतं ‘चाळणी’, कारण तिच्या हातून खडा सुटत नाही. हाताखालच्या दोन मुलींना ती सतत एकच गोष्ट ऐकवायची: पलीकडे बसलेल्या गिऱ्हाइकाला वस्तू हातात घेता येत नाही, त्याला फक्त आपण लिहिलेलं दिसतं, तेव्हा माहिती नसेल तर विचारा, मनाने भरू नका. मुली मान डोलवायच्या. ती पाठमोरी झाली की एकमेकींना कोपर मारायच्या, हाही भाग होताच. पण मनातून मानायच्या तिला.

आता माणूस आहे, घाई असते, पुरवठादार आकडा वेळेवर देत नाही, तेव्हा काय करायचं? त्यासाठी तिनेच एक नियम काढला होता. अगदीच नाइलाज झाला तर रिकाम्या चौकटीत तात्पुरतं काहीतरी टाकायचं, चौकट पिवळी करायची आणि शुक्रवारी बसून सगळ्या पिवळ्या चौकटी खऱ्या माहितीने भरायच्या. नियमात खोट एवढीच होती की पिवळा रंग फक्त तिच्या फाइलीत राही. वेबसाइटवर रंग चढत नाही, नुसता आकडा चढतो. तिकडे खरा आकडा आणि तात्पुरता आकडा एकाच मापाच्या अक्षरांत, एकाच ऐटीत उभे असतात. हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर शुक्रवार.

एका कारखान्याचा माल आला होता. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, नऊ माणसं आणि मालक असलेले एक म्हातारे गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत. लाकडी बाकं, प्लॅस्टिकची स्टुलं, चौरंग असा तीनशे बारा वस्तूंचा माल. नेमका त्याच महिन्यात वेबसाइटने एक नवा रकाना सक्तीचा केला होता: बसायची वस्तू असेल तर ती किती वजन पेलते ते लिहायलाच हवं. काकांनी बाकांचे आकडे दिले होते, स्टुलांचे नव्हते. एकेचाळीस ओळी लाल. छोटीने फोन लावला तर मागे यंत्रांचा खडखडाट, काका ओरडून म्हणाले उद्या पाठवतो. उद्याचा परवा झाला. ऑनलाइन दुकानाच्या मालकीण मॅडम तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हे आज चढलं पाहिजे.

स्टुलांच्या बरोबर वरच्या ओळीत एक जाडजूड लाकडी बाक होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं एकशेवीस किलो. छोटीने त्या चौकटीचा कोपरा धरला आणि खाली ओढला. एकेचाळीस ओळींत एकशेवीस, एकशेवीस, एकशेवीस. अर्ध्या मिनिटाचं काम. मग त्या चौकटी नियमाप्रमाणे पिवळ्या केल्या, फाइल चढवली आणि सगळं हिरवंगार झालं.

शुक्रवारी तिने ती फाइल उघडली होती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. विसरली असती तर गोष्ट निराळी होती. तिने फाइल उघडली, पिवळा पट्टा बघितला. काकांचं उत्तर अजून आलं नव्हतं. पुन्हा फोन करायचा, पुन्हा तो खडखडाट, मग एकेचाळीस आकडे हाताने भरायचे. तिच्या मनात आलं, स्टुलाचं वजन कोण बघत बसलंय. आणि तिने फाइल बंद केली. सोमवारी दुसऱ्या कोणाच्या चादरी आल्या, मग पडदे आले, आणि काकांची फाइल जुन्या फाइलींत खाली खाली गेली.

सात-आठ महिने गेले. भाऊजींचे गुडघे दुखायला लागले होते आणि डॉक्टरांनी बसून आंघोळ करा असं सांगितलं होतं. ताई वस्तू हाताळल्याशिवाय घेणाऱ्यांतली. तिला फोटो बघून खरेदी करणं म्हणजे पत्रिका बघून लग्न लावण्यासारखं वाटायचं, पण बहिणीचंच दुकान म्हणून तिने त्यातलंच एक स्टूल शोधून काढलं आणि फोन केला. फोटोत तर खेळण्यातलं दिसतंय, यांचं वजन झेलेल का, तिने विचारलं. छोटी त्या वेळी नळांच्या फाइलीत बुडालेली होती. तिने पानावर काय लिहिलंय ते वाच म्हटलं. ताईने वाचलं, एकशेवीस. आणि पुन्हा विचारलं, “म्हणजे चालेल ना गं? नक्की?”

“अगं ताई, तिथे जे लिहिलंय ते माझ्या हातून गेलेलं असतं,” छोटी म्हणाली. “डोळे झाकून घे.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. फोन ठेवताना तिच्या मनात काहीतरी हललं होतं. पिवळं असं काहीतरी. नळाच्या तोट्यांचे व्यास चुकीच्या रकान्यात गेले होते, तिने तिकडे लक्ष वळवलं. पुढे ती स्वतःला सांगत राहिली की त्या क्षणी आठवलं नव्हतं. पण स्वतःला किती वेळा सांगायचं आणि किती वेळा पटवून घ्यायचं यालाही मर्यादा असते.

स्टूल घरी आल्यावर अकराव्या दिवशी सकाळी त्याचा पाय फाकला. भाऊजी ओल्या फरशीवर पडले ते कुशीवर, आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारचे दोघे आणि ताई अशा तिघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वॉकर, पुढे काठी सुटेल न सुटेल, आताच सांगता येत नाही.

पडले त्याच दिवशी छोटी ऑफिसमधून थेट हॉस्पिटलला आली तेव्हा ताई बाकावर बसली होती आणि तिच्या साडीचा काठ अजून ओला होता. काय झालं, कसं झालं, हे सगळं सांगताना ताईने स्टुलाचा उल्लेख केला. छोटीने बाजूला जाऊन मोबाइलवर ते पान उघडलं. एकशेवीस किलो. खाली बनवणाऱ्याचं नाव: काकांचा कारखाना. जुनी फाइल उघडायची गरजच नव्हती, तरी तिने दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ती उघडली. ओळ क्रमांक दोनशे शहाऐंशी. पिवळी.

त्यानंतरचे चार दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. ती रोज डबा घेऊन जायची, भाऊजींच्या पायाला तेल लावायची, रात्रपाळीला ताईऐवजी स्वतः थांबायची. नर्स म्हणाली, मेहुणी असावी तर अशी. शेजारच्या खाटेवरच्या आजीने तर आपल्या सुनेला हाक मारून तिचं उदाहरण दिलं. छोटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मारलं असतं कोणी तर सोसलं असतं, पण हे कौतुक तिला सोसवेना. भाऊजी झोपलेले असताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि ते जागे झाले की चादर सारखी करायला लागायची.

पाचव्या दिवशी ताईने तक्रार लिहायला घेतली. तिला मोबाइलवर एवढं मोठं लिहिता येत नाही, म्हणून मोबाइल छोटीच्या हातात दिला आणि स्वतः सांगत गेली. अशा खोटारड्या कारखान्याचा माल तुम्ही ठेवता कसा. एकशेवीस म्हणून सांगायचं आणि एकशेचारला मोडायचं. त्या माणसाच्या घरी म्हातारी माणसं नाहीत का. आज माझ्या नवऱ्याचं हाड गेलं, उद्या कोणाचा जीव जाईल. ताई बोलता बोलता रडायला लागली. छोटी लिहीत होती. एवढंच नाही, तक्रारीत वस्तूचा क्रमांक लागतो तो तिने न बघता घातला, कारण तो तिला पाठ होता. आणि ताईने ‘खोटारडा’ म्हटलं तिथे तिचा अंगठा क्षणभर थांबला आणि मग तेही लिहिलं.

“तू होतीस म्हणून,” ताई डोळे पुसत म्हणाली. “नाहीतर मला कुठे जमलं असतं हे.”

तक्रार पोचली कुठे, तर छोटीच्याच ऑफिसात. सोमवारी मॅडमनी सगळ्यांना बोलावून ती वाचून दाखवली. काकांना त्यांनी फोन केला होता. ते म्हणतात आमच्या मालावर ऐंशीच लिहिलेलं असतं, मॅडम सांगत होत्या, मग फाइलीत एकशेवीस काय म्हणून दिलं? असा पुरवठादार आपल्याला नको. त्यांनी छोटीला सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत त्यांच्या तीनशे बाराच्या तीनशे बारा ओळी बंद करा. काम सोपं होतं. ‘दिसावं’ नावाच्या रकान्यात पहिल्या ओळीत ‘नाही’ लिहायचं, चौकटीचा कोपरा धरायचा आणि खाली ओढायचं.

तिने पहिल्या ओळीत ‘नाही’ लिहिलंसुद्धा. तेवढ्यात तिच्या टेबलावरचा फोन वाजला. काका होते. या खेपेला मागे खडखडाट नव्हता, यंत्रं बंद असावीत. ते चिडून बोलतील असं तिला वाटलं होतं, वाटलं कसलं, तशी आशाच होती.

“बाई, माझ्याकडूनच काहीतरी घोळ झाला असणार,” काका म्हणाले. “मला त्या फाइलींतलं कळत नाही. तुमच्यासारखं माणूस बसलंय तिथे, तुमच्याकडून तर होणार नाही. त्या गृहस्थांचा पत्ता मिळेल का? जाऊन पाय धरून येतो.”

छोटी म्हणाली, काका, थोड्या वेळाने फोन करते. मग ती संडासात गेली आणि कडी लावून उभी राहिली. एक म्हातारा माणूस तिच्या भाऊजींचे पाय धरायला निघाला होता, तिच्या चुकीसाठी, आणि वर तिच्यावर विश्वास टाकून. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाही तिचाच होता आणि अंधारही तिनेच केला होता. तिला स्वतःच्या दोन्ही हातांची किळस आली. तोंडावर पाणी मारून ती बाहेर आली, ‘नाही’ पुसलं आणि मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन जुनी फाइल त्यांच्यासमोर उघडली. हे पिवळं मी केलंय, ती म्हणाली. आकडा काकांनी दिला नव्हता, मी टाकला. शुक्रवारी बघूनही बदलला नाही.

मॅडमनी पिवळा पट्टा वरून खाली सरकवून बघितला. “तुम्ही?” एवढंच त्या म्हणाल्या. त्या एका शब्दाने छोटीची मान जी खाली गेली ती वर आली नाही. तक्रार करणारी बाई आपली सख्खी बहीण आहे हेही तिने सांगितलं, तेव्हा मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या मालकीण होत्या, रागावण्याआधी त्यांना पुढचं दिसलं. बाकीची चाळीस स्टुलं? त्या एकेचाळीस ओळींतली स्टुलं मिळून सहाशेच्या वर घरांत गेली होती. छोटीने हा विचारच केला नव्हता. इतके दिवस ती आपली लाज कुरवाळत बसली होती आणि तिकडे सहाशे बाथरूमांत माणसं रोज सकाळी त्या आकड्यावर बसत होती. लाजेतही माणूस किती आपमतलबी असतो, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

दुपारपर्यंत काकांकडून खरे आकडे आले, एकेचाळीस ओळी दुरुस्त झाल्या. काकांना तिने फोनवर सगळं सांगितलं. यंत्रं सुरू करायला सांगतो, एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सहाशे गिऱ्हाइकांना पत्र गेलं: वापर थांबवा, स्टूल परत घेऊ. पत्र छोटीने लिहिलं होतं. त्यात तिने लिहिलं होतं की आकडा आमच्याकडच्या व्यक्तीने न विचारता भरला होता. मॅडमनी ते वाक्य खोडून ‘तांत्रिक चुकीमुळे’ असं घातलं. दुकानदारीत हा शब्द फार सोयीचा. यंत्र बिचारं सांगाल ते चढवतं, त्याला तोंड नाही, त्यामुळे पाप ठेवायला यंत्रासारखी जागा नाही. नोकरी राहिली, पण मुलींना शिकवायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. त्या दोघी दिवसभर तिच्याशी फार गोड बोलत होत्या, आणि तेच तिला लागत होतं.

पत्र ताईलाही गेलं. संध्याकाळी छोटी हॉस्पिटलमध्ये पोचली तर ताई कॉरिडॉरमध्येच भेटली, मोबाइल पुढे करत. चेहरा हलका झालेला. “बघ, मशीनने घोळ घातला म्हणे. मी उगीच त्या माणसाला शिव्या घातल्या. आणि तुला सांगू, माझ्या मनात एकदा वाईट आलं होतं गं, तुझ्याकडून तर काही... जाऊ दे.” आणि ती लाजून हसली, बहिणीवर संशय घेतला म्हणून.

गप्प बसायची याहून सोपी वेळ पुन्हा आली नसती. शब्द तयार होता, ऑफिसच्या नावाने छापूनच आला होता. छोटीने ताईच्या हातातला मोबाइल घेतला आणि बाकावर पालथा ठेवला.

“मशीन नव्हतं, ताई. तो आकडा मी टाकला होता. मनाने. खोटा आहे हे मला माहीत होतं.”

ताईने आधी तिच्याकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे. एक ट्रॉली चाकं वाजवत गेली. मग ताई म्हणाली की मी तुला फोनवर दोनदा विचारलं होतं. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. लहानपणी एकदा पेन चोरलं म्हणून ताईने तिला बदडलं होतं, तशी आता बदडती तर छोटीने उपकार मानले असते. शेवटी ताईने पदर सावरला. “त्यांना तूच सांग. माझ्या तोंडून निघणार नाही,” एवढं बोलून ती जिन्याकडे गेली, आणि कधी नव्हे ते तिने मागे वळून बघितलं नाही.

भाऊजी उशांना टेकून बसले होते. खिडकीतून ऊन त्यांच्या सलाइन लावलेल्या हाताच्या सुईवर पडलं होतं, ती सुई टोचू नये म्हणून त्यांनी मनगट जपून धरलं होतं. छोटीने खुर्ची ओढली आणि खाली बघत सगळं सांगितलं, काकांची फाइल, लाल ओळी, वरच्या बाकाचा आकडा, शुक्रवार. ‘स्टुलाचं वजन कोण बघत बसलंय’ हेही सांगितलं, कारण ते वगळलं तर सांगितल्यात काही अर्थ नव्हता. पिवळं म्हणजे काय हे भाऊजींना समजावून द्यावं लागलं. मग ती म्हणाली, “तुमच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी लायकी नाही, भाऊजी.”

भाऊजींनी सुईचं मनगट चादरीवर ठेवलं. मग म्हणाले, “स्टुलावर ऐंशी लिहिलंय खरं.”

तिने मान वर केली.

“खाली, बुडाला. बारीक अक्षरात कोरलंय. आणलं त्या दिवशीच उलटं करून बघितलं मी. सवय आहे. तीस वर्षं गाडीत पाटीवरच्या आकड्याच्या वर एक माणूस घेतला नाही.”

“मग बसलात कसे?”

“तुझ्या पानावर एकशेवीस होतं,” भाऊजी म्हणाले. “म्हटलं, कारखान्यात साचा चुकला असेल. आमची छोटी चुकायची नाही.”

ते रागाने बोलले नव्हते. कसं घडलं ते सांगावं तसं सांगितलं त्यांनी, आणि मग पाठ अवघडली म्हणून उशी जरा वर सरकव म्हणाले. छोटी उठली. एका हाताने तिने त्यांचा खांदा धरला आणि दुसऱ्या हाताने उशी सरकवायला लागली, आणि त्यांनी नेहमीसारखा सगळा भार तिच्या हातावर टाकला.